धार आणि खिळा

जपानातल्या मिकी गावात, नदीकाठच्या गल्लीत कोण काय घडवतंय हे डोळे मिटूनही सांगता यायचं. करवतीच्या पात्याचा आवाज पसरट, गवंड्याच्या थापीचा भरीव आणि गल्लीच्या टोकाला तोमेकिचीच्या भट्टीतून येणारा आवाज बारीक, घाईचा, सुगरणीनं पाटावर भाजी चिरावी तसा. तोमेकिची चाकू करायचा. घडीचे, खिशात मावणारे. आजा तेच करायचा, बापही तेच. चाकूचं नाव मोठं भारदस्त, हिगोनोकामी, एखाद्या सरदाराला शोभेल असं. आणि वस्तू बघावी तर दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ, तिच्यात बोटभर पातं, पात्याला मागे छोटीशी शेपटी आणि सगळ्याला धरून ठेवणारा एकच खिळा. ना कमान, ना खटका. शेपटीवर अंगठा दाबून धरला की चाकू उघडा राहतो. अंगठा ढळला की त्याचा काही भरवसा नाही.

एवढ्याशा वस्तूवर तोमेकिचीचा जीव होता. मऊ लोखंडाच्या पोटात कडक पोलादाची जीभ घालायची, तापवून ठोकून दोन्ही एकजीव करायची, कानशीनं आकार द्यायचा आणि मग पाणी पाजायचं. पाणी पाजायची वेळ आली की तो दारंखिडक्या लावून घेई. उजेडात पोलादाचा रंग खोटं बोलतो, असं त्याचा बाप सांगायचा. तापलेल्या पात्याला पिकल्या पर्सिमन फळाचा नारिंगी रंग चढला की त्याच क्षणी पाण्यात. घाई केली तर धार वळते, रेंगाळलं तर उडते. शेवटी दगडावर बसून धार लावायची आणि वर्तमानपत्राचं पान एका हातात लटकतं धरून त्याच्या कडेला पातं नुसतं टेकवायचं. कागद दुभंगायचा, पण तोमेकिची कागदाकडे बघत नसे, कान देऊन ऐके. जराशी करकर ऐकू आली की चाकू पुन्हा दगडावर.

"तोमे-सान, पोरं पेन्सिलीला टोक काढणार त्यानं," समोरचा थापीवाला योहेइ म्हणायचा. "सम्राटाची दाढी नाही करायची."

"पेन्सिल तरी का रडवायची?" तोमेकिची म्हणायचा.

मुठीचं काम त्याच्या बायकोचं. मात्सुनो पितळी पत्रा साच्यावर दुमडायची, मुठीवर नावाचा ठसा उठवायची आणि शेजारी बसलेली त्यांची लहानगी सुमिए तयार मुठी टोपलीत रचायची. लढाईनंतरच्या उपासमारीच्या वर्षांत मात्सुनोला खोकला लागला आणि तो तिला घेऊनच गेला. त्यानंतर पत्राही तोमेकिचीच दुमडायला लागला, पण मुठीचे कोपरे मात्सुनोसारखे कधी बसले नाहीत. गिऱ्हाइकाला ते दिसत नसे. त्याला दिसे.

घरात मुलगा नव्हता. रीत अशी की मुलीसाठी घरजावई आणायचा, त्यानं सासऱ्याचं आडनाव लावायचं आणि भात्याचा दांडाही हाती घ्यायचा. योहेइनं चांगलं स्थळ आणलं होतं, करवतीवाल्यांच्या घरचा दुसरा मुलगा. त्या संध्याकाळी सुमिएनं बापापुढे भाताचा वाडगा ठेवला, मुळ्याचं लोणचं ठेवलं आणि खाली बघून म्हणाली, "बाबा, मला शिकवायचंय. शाळेत."

तोमेकिची बराच वेळ लोणचं चावत राहिला.

"करवतीवाल्याच्या पोरात काही खोट आहे का?"

"नाही. पोरगा चांगला आहे."

"मग योहेइला काय सांगू?"

"सांगा, पोरगी डोक्यावर पडलीय."

"ते त्याला माहीतच आहे," तोमेकिची म्हणाला आणि त्यानं चहासाठी वाडगा पुढे केला. होकार तो एवढाच. भट्टी आपल्याबरोबर विझणार हे त्याला त्या वाडग्याबरोबरच कळलं होतं, पण पोरीला त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

सुमिए गावातल्याच शाळेत बाई झाली. तिच्या वर्गात नवीन मुलं आली की ती आधी चाकू उघडायला आणि मिटायला शिकवायची, मग पेन्सिल सोलायला. आणि दर वर्षी पानगळ लागली की तोमेकिची बादली, दगड आणि चटई घेऊन शाळेच्या अंगणात येऊन बसायचा. मुलं आपापले चाकू घेऊन रांग लावायची. त्या एका दिवसाची तो वर्षभर वाट बघायचा. एरवी त्याचे चाकू व्यापाऱ्याच्या पेटीतून ओसाकाला जात आणि तिथून कुठे जात हे त्याला कधी कळत नसे. इथे ते परत भेटत. कुणी त्यानं बांबूची भिरभिरी करी, कुणी फळं सोली, कुणी डब्याची झाकणं उचकटून टोकाची वाट लावलेली असे. तोमेकिचीला पातं बघून मुलगा कळायचा.

"आजोबा, यानं केस कापला जाईल का?"

"कुणाचा? तुझा? तुझ्या केसांना कोयता लागेल. आधी डोकं धू."

मुलं खिदळायची. सुमिए वर्गाच्या दारातून बघत उभी राहायची. बापलेक घरी एकमेकांशी जेवढं बोलत नसत, तेवढं त्या एका दिवशी नुसतं बघण्यात होऊन जाई.

मग टोकियोत ती गोष्ट घडली. भर सभेत, व्यासपीठावर, एका कोवळ्या पोरानं पुढाऱ्याला भोसकलं. पोराच्या हातात होतं ते तलवारीच्या जातीचं शस्त्र. पण आठवडाभरात बोट वळलं ते मुलांच्या दप्तरांतल्या चाकूंकडे. वर्तमानपत्रांत लेख आले, गावोगावच्या आयांच्या मंडळांनी ठराव केले. मुलांच्या हाती पातं देऊ नका. ओसाकाच्या व्यापाऱ्यानं पुढची पेटी पाठवू नका म्हणून कळवलं. योहेइ थापीच करायचा, त्याला झळ नव्हती, पण तो येऊन भट्टीच्या उंबऱ्यावर बसला.

"तोमे-सान, यंदा शाळेत जाऊ नकोस."

"का?"

"का म्हणजे? हवा बघ की. लोकांना आत्ता चाकू नजरेसमोर नकोय."

"लोकांना काय कळतं? बोथट चाकूच हात कापतो. बोथट असला की पोरगं जोर लावतं, जोर लावला की निसटतो. धार असलेला चाकू गुणी असतो, लागेल तेवढंच कापतो."

"ते मला सांगू नकोस. मला पटलंय."

"मग ज्यांना पटलं नाही त्यांना दाखवतो," तोमेकिची म्हणाला.

आणि तो गेला. सुमिएनंही त्याला अडवलं नाही. मुख्याध्यापकांच्या कपाळावरची आठी बघूनही नाही. त्या वर्षी रांग लहान होती. काही मुलांना आयांनी चाकू आणूच दिले नव्हते. जी आली त्यांच्या चाकूंवर तोमेकिचीनं असा हात फिरवला की जणू सगळ्या देशाला उत्तर द्यायचंय. एकेका पात्यावर नेहमीपेक्षा दुप्पट वेळ. कागद लटकवून मुलांना दाखवला. आवाज नाही. "ऐकलंत?" तो म्हणाला. "काही ऐकू येत नाही ना? तेच ऐकायचं."

त्या रांगेत फुसाए होती, गिलावा करणाऱ्या कुमाझोची मुलगी. गालावर खळी, दोन दात पडलेले. तिचा चाकू जुना होता, आधी तिच्या मोठ्या भावानं वापरलेला. तोमेकिचीनं तो उघडला, मिटला, दगडावर धरला. पातं सुंदर निघालं.

पुढच्याच आठवड्यात वर्गात मुलं बांबूची भिरभिरी करत होती. फुसाएच्या बांबूला गाठ होती. पातं गाठीत रुतलं, तिनं मूठ पिळली, अंगठा शेपटीवरून सरकला आणि चाकू तिच्या बोटांवर मिटला. ती ओरडलीसुद्धा नाही. "बाई," म्हणाली, "माझं बोट हलत नाहीय." सुमिएनं धावत येऊन बघितलं. जखम अगदी नीट होती, रेघ ओढल्यासारखी. ती तर्जनीच्या हाडापर्यंत गेली होती.

दवाखान्यात टाके घातले. बोट राहिलं, पण आतली शीर तुटली होती. ते पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सुमिए तो चाकू रुमालात गुंडाळून घरी घेऊन आली. तोमेकिची भट्टीपुढे बसला होता. तिनं काय झालं ते एका दमात सांगितलं आणि रुमाल त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चाकू पुसला, उघडला, आणि पातं दोन बोटांत धरून हलवलं. ते हललं. खिळा ढिला होता. फार नाही, चांगल्या हाताला कळेल एवढाच. ऐरणीवर ठेवून हातोडीची एक टिचकी दिली असती तर पातं मुठीत घट्ट बसलं असतं, असं अचानक मिटलं नसतं. त्या दिवशी शाळेच्या अंगणात हा चाकू त्याच्या हातात होता. त्यानं तो उघडला होता, मिटला होता. पण त्याचा जीव होता धारेत.

"काय बघताय?" सुमिएनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. मग पातं पुन्हा हलवून म्हणाला, "खिळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुतलेले कपडे घालून कुमाझोच्या घरी गेला. बरोबर नेलेल्या गोड बटाट्यांची करंडी त्यानं दारातच ठेवली आणि जमिनीला कपाळ लावलं. कुमाझो कामावर निघाला होता. त्याच्या कपड्यांवर चुन्याचे शिंतोडे होते.

"उठा, तोमे-सान. हे काय?"

"खिळा ढिला होता. धार लावताना चाकू माझ्या हातात होता. मी धार बघितली, खिळा बघितला नाही."

कुमाझोनं मागे वळून बघितलं. आत फुसाए भिंतीला टेकून बसली होती, हाताला ही मोठी पट्टी. तिची आई दाराशी आली. बाई रडून रडून थकलेली दिसत होती, पण आवाज शांत होता.

"मी सांगितलं होतं हिला, यंदा चाकू नेऊ नकोस म्हणून," ती म्हणाली. "तर म्हणाली, आजोबा येणारेत."

तोमेकिचीनं पुन्हा जमिनीला कपाळ टेकवलं.

"चाकू चांगला होता तुमचा," कुमाझो अखेर म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. हत्यारांवर पोट असलेला माणूस बोलेल तसं तो बोलला. "साधा असता तर कातडं सोलवटलं असतं, चार दिवसांत भरून आलं असतं. चांगला होता म्हणून इतका आत गेला."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर तोमेकिचीनं त्या झेलल्या असत्या. हे वाक्य मात्र तो घरी घेऊन आला, आणि ते काही त्याला सोडेना. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला, तेच त्या पोरीच्या बोटात शिरलं होतं. बोथट चाकूच हात कापतो, हे त्याच्या बापाचं वाक्य. तो ते पुन्हा कधी बोलला नाही.

त्याच आठवड्यात सुमिएनं वर्गातले चाकू गोळा केले. मुख्याध्यापकांनी अजून काही सांगितलं नव्हतं, आयांचं मंडळ जमायचं होतं. तिनं आपणहून टेबलावर खोकं ठेवलं आणि मुलांना एकेक करून बोलावलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग पेन्सिलीला टोक कसं काढायचं?" सुमिए म्हणाली, "यंत्र येणार आहे. दांडा फिरवायचा." तिचं बघून बाकीच्या वर्गांनीही खोकी भरली. महिनाभरात शाळेत एकही चाकू उरला नाही. बोलणाऱ्यांना तर आयतंच मिळालं. चाकूवाल्याच्या पोरीनंच चाकू बंद केले, म्हणजे बघा.

तोमेकिचीला हे कळलं ते योहेइकडून. सांगावं की नाही या विचारात योहेइनं दोनदा पाइप पेटवला आणि विझवला.

"तुला सांगितलं नाही तिनं?"

"तिचा वर्ग आहे," तोमेकिची म्हणाला.

"पण निदान एका शब्दानं..."

"योहेइ, तुझ्या थाप्या थंड होतायत. जा."

घरी बापलेक जेवायला बसली. वाफाळतं मिसोचं सार, भाजलेला मासा. सुमिए सांगेल म्हणून तो थांबला. तो विचारेल म्हणून ती थांबली. मासा संपला, सार गार झालं. तिनं भांडी उचलली. असं दिवसेंदिवस चाललं. तिला वाटायचं, बाबांनी मला माफ केलेलं नाही. त्याला वाटायचं, माझ्यासारख्या माणसाला विचारायचं तरी काय, म्हणून पोरीनं विचारलं नाही.

खोकी शाळेच्या अडगळीत पडून होती. मुख्याध्यापक ती भंगारवाल्याला देणार असं ठरलं तेव्हा सुमिए म्हणाली, मला द्या. हातगाडीवर घालून तिनं ती घरी आणली. तो सुटीचा दिवस होता. तोमेकिची काही न विचारता उठला आणि त्यानं एक खोकं ऐरणीपाशी ओढून घेतलं.

त्यात सगळे त्याचेच नव्हते. गल्लीतल्या इतरांचेही होते. काहींच्या पितळेवर मुलांनी खिळ्यानं आपली नावं कोरली होती. तोमेकिचीनं पहिला चाकू उचलला, ऐरणीच्या भोकावर ठेवला, खिळ्यावर सळई धरली आणि हातोडी मारली. खिळा खाली पडला. पातं एका बाजूला, मूठ दुसऱ्या बाजूला. मग दुसरा चाकू. मग तिसरा.

सुमिए दारात उभी होती. "बाबा, हे भंगारवालाही करेल."

"तो दगडानं ठेचेल," तोमेकिची म्हणाला. "जोडले आपण. सोडवायचेही आपणच."

ती आत आली. मग बाह्या मागे बांधून आईच्या जागी जाऊन बसली. तो खिळा पाडायचा, ती पातं काढायची आणि मूठ टोपलीत टाकायची. लहानपणी ज्या टोपलीत रचायची तीच टोपली. दुपारचं ऊन भट्टीच्या राखेपर्यंत आलं.

"ही आईची मूठ," ती मध्येच म्हणाली.

तोमेकिचीनं हात पुढे केला. कोपरे काटकोनात, पत्र्याची कड कुठेही बोटाला लागत नव्हती. लढाईच्या आधीचा चाकू, कुणाच्या तरी बापानं मुलाला दिलेला. तोमेकिचीनं अंगठा त्या कडेवरून दोनदा फिरवला.

"ठेवू बाजूला?" सुमिएनं विचारलं.

"नको," तो म्हणाला. "एक ठेवला की सगळेच ठेवावेसे वाटतील." आणि त्यानं ती मूठही टोपलीत टाकली. सुमिएनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. तो हातोडी मारत राहिला, कारण थांबून काय करायचं हे त्याला सुचेना.

त्या हिवाळ्यात भात्याचा सण आला. घरोघरच्या लोहारांनी भात्यापुढे संत्री आणि दारू ठेवली, पोरांना संत्री वाटली. तोमेकिचीनंही ठेवली. सण झाल्यावर त्यानं भट्टीतली राख काढली, जमीन झाडली आणि दार लावून घेतलं. नंतर तो योहेइकडे थाप्यांच्या कामाला जायला लागला. थापीला धार नसते. योहेइ त्याला कधी नोकरासारखं वागवत नसे, उलट चारचौघांत मुद्दाम सल्ला विचारी, आणि त्याचीच तोमेकिचीला जास्त लाज वाटे. गल्लीच्या टोकाचा तो बारीक, घाईचा आवाज थांबला. पहिले काही दिवस लोक चुकल्यासारखे त्या बाजूला बघायचे. मग सवय झाली.

फुसाए मधलं बोट आणि अंगठा यांत पेन्सिल धरायला शिकली. शाळा सुटल्यावर सुमिए तिला रोज घेऊन बसायची. अक्षर वाकडं यायचं, पण येऊ लागलं. रस्त्यात तोमेकिची दिसला की ती वाकून नमस्कार करी. तोही वाकून उत्तर देई आणि तिच्या हाताकडे बघायचं टाळी. शाळा संपल्यावर ती कोबेला एका शिंपिणीकडे कामाला गेली, पण सुई त्या बोटाला साधेना. मग गावातच तांदळाच्या दुकानात बसू लागली.

सुमिएनं लग्न केलं नाही. बाप थकत गेला. भट्टीची राख आयुष्यभर छातीत साठली होती, ती आता हिशेब मागत होती. शेवटच्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला. शेगडीवर किटली गुणगुणत असायची आणि सुमिए शाळेतून आली की त्याला पेज भरवायची.

एका संध्याकाळी पेज अर्धी झाल्यावर त्यानं तिचा हात थांबवला.

"सुमी, तेव्हा मला विचारलं का नाहीस?"

कधी, कशाबद्दल, हे तिला विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं ती दोघं त्याच एका जागी उभी होती.

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"हो म्हणालो असतो. गोळा कर म्हणालो असतो."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं. ते तुमच्या तोंडून वदवून घ्यायचं नव्हतं मला."

तोमेकिची छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. ते तिनं पदराच्या टोकानं टिपावं तसं किमोनोच्या बाहीनं टिपलं.

"आणि मला वाटलं," तो म्हणाला, "तुला माझी लाज वाटली."

"बाबा, पेज गार होतेय."

त्यानं तोंड उघडलं. तिनं चमचा पुढे केला. यापुढे त्या विषयावर बोलायला दोघांनाही फारसं काही उरलं नव्हतं, आणि बोलायला दिवसही उरले नव्हते. बर्फ वितळायच्या आत तो गेला.

अंत्ययात्रेला गल्ली लोटली. कुमाझो आला, त्याची बायकोही आली. तिनं हात जोडून धूप लावला आणि सुमिएजवळ येऊन म्हणाली, "फार सरळ माणूस होता हो. कुणी विचारलं नसताना येऊन सांगितलं त्यानं." योहेइ रडत नव्हता, फक्त पाइप पेटवायचा प्रयत्न करत होता आणि तो पेटत नव्हता.

उन्हाळ्यात सुमिएनं ऐरण करवतीवाल्यांना दिली. भाता कुणाला नको होता, त्याचं कातडं फाटलं होतं. धारेचा दगड तिनं पाठीमागच्या विहिरीपाशी ठेवला आणि त्यावर ती घरातल्या विळ्या-सुऱ्या घासायची. तिला बापासारखी धार काही साधत नसे. पण ती घाई करत नसे. एक बाजू झाली की पातं उलटवून दुसरी घ्यायची, पाणी शिंपडायची, आणि शेजारीण कुंपणावरून हाक मारेपर्यंत तिथेच बसून राहायची.